फाटलेल्या स्पीकरचं श्रेय

टॅकोमा, रविवार

प्रिय आर्डिस,

आपल्या तळघरातली ती घरघर अजून माझ्या कानात आहे. तोवर माझी गिटार शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखी शहाण्यासारखी बोलायची. १९६३ च्या त्या शनिवारी ती एकाएकी गुरगुरली आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्या गुरगुरण्यावरच आमचा बँड गाजला. पुढे कितीतरी पोरांनी तोच आवाज मिळावा म्हणून मुद्दाम आपापले स्पीकर फाडले.

"ही करामत कुणाची?" असं रेडिओवाल्यानं विचारलं, तेव्हा मी "माझी" म्हणून मोकळा झालो. खरं तर तुझी सोमवारी परीक्षा होती आणि आमचा दंगा थांबत नव्हता, म्हणून तूच रागानं स्पीकरच्या कागदी पडद्यात विणायची सुई खुपसली होतीस. रेडिओ ऐकून तू एवढंच म्हणालीस, "छान. आता माझ्या वाटची भांडीही तूच घास." त्यानंतर तू माझ्याशी कधी मनमोकळं बोलली नाहीस.

काल आमच्या बँडचा इतिहास लिहिणाऱ्या बाईंना मी फोनवर सगळं खरं सांगितलं. साठ वर्षांनी मन हलकं झालं. हे पत्र तुला पाठवायचा मात्र धीर होत नाही.

तुझा लबाड भाऊ,
हॅल्वर

ता. क. सही करतोय तोच दार वाजलं. उघडलं तर समोर तू, ओल्या कोटात.

"त्या बाईंचा फोन आला होता," तू म्हणालीस. "सुई कसली रे? बटाटे सोलायची सुरी होती ती. सरक, आत येऊ दे."