वेगळी काढलेली थाळी

माय, आज तुले त्या थाळीचं सांगाचं आहे. तीच, जर्मनची, कोर वाकलेली, आत्यानं तुह्यासाठी वेगळी काढून मोरीपाशी उपडी ठेवली होती ती. तुले जाऊन साठावर वर्षं झाली, अन् इतक्या वर्षांत मी तुह्याशी एक शब्द बोलली नाही, कारण मेलेल्या माणसांशी बोलाले मले फुरसतच नव्हती. आता मोतीबिंदू काढला, अक्षर दिसते, अन् घरातले सारे आपापल्या मोबाइलात तोंड घालून बसतात. अक्षराले नावं ठेवू नको. तुह्याच आजारपणात माह्यं चौथीतून नाव काढलं होतं.

तुह्ये डोळे पिवळे झाले तेव्हा बाबानं रेल्वेच्या दवाखान्यातून औषध आणलं, अन् आत्यानं वैदूकडून माळ आणली. बारक्या काड्यांची, दोऱ्यात सैल ओवलेली. डोक्यावर ठेवली, दुसऱ्या दिवशी कानावर उतरली, मग गळ्यात, मग छातीवर. ते काडी वाळून आखडते अन् दोरा मोकळा होते म्हणून, हे मले आता समजते. तेव्हा माळ बेंबीपर्यंत आली अन् सारं क्वार्टर खूश, कावीळ उतरली. औषधाची बाटली बंद. डोळेही पांढरे झाले होते, म्हणून कोणाले शंकाच आली नाही. वर्ष गेलं अन् तुह्यं पोट फुगाले लागलं, हातपाय काड्या. आत्या नळावर साऱ्यांदेखत म्हणते, "कावीळ तर माळेनं नेली. मग हे पोट कायचं? चोरून महुआ पिते बाई." तू ओट्यावर तांदूळ निवडून राहिली आहेस. मान वर न करता म्हणतेस, "तांदूळ होऊ दे आधी, मग तुह्या तोंडाकडं पाहू." त्यानंतर तुह्यी थाळी वेगळी झाली, तुह्या हातचं पाणी कोणी प्यायलं नाही. तू गेलीस ती दारूडी म्हणूनच गेलीस.

आता इकडचं ऐक. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याच्या तलावाभोवती आता लोक चालाले जातात, काही काम नसताना. माह्यी नात जाते तो दवाखाना तिथंच. तिले दिवस गेले, डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, तर हेपॅटायटीस बी. पोट्टी मराठी समजते, बोलते हिंदीत. म्हणे, "नानी, मुझे तो कुछ हुआ ही नहीं, बीमारी कहाँ से आई?" मग माह्या लेकीचं रक्त घेतलं, माह्यं घेतलं. तिघींचं तेच निघालं. त्या दिवशी जेवताना मी माह्यी थाळी वेगळी घेतली, धुतली अन् सिंकच्या बाजूले उपडी ठेवली. कोणी सांगतलं नव्हतं, हातानं आपोआप केलं. नात भडकली, "ये क्या ड्रामा है, नानी?" अन् पुढच्या तपासणीले मले ओढत घेऊन गेली, डॉक्टरीणबाईसमोर चुगली केली.

ती बाई माह्या लेकीपेक्षा लहान, पण समजवाले बसली. "नानी, थाली से नहीं फैलता। खून से फैलता है, और पैदा होते समय माँ से बच्चे को।" म्हणे लिव्हर वर्षानुवर्षं गुपचूप सुजत राहते, दुखतही नाही. कावीळ म्हणजे नुसती खूण, खूण गेली म्हणून सूज जात नाही. आतून ते कडक होत जाते, मग पोटात पाणी भरते. मी विचारलं, "बिना पिए?" म्हणे, "बिना एक बूँद पिए। आपकी माँ को देखा नहीं, पक्का कैसे बोलूँ, पर हो सकता है।" मग तिनं माह्या मनगटावरचं गोंदण पाहिलं. मी सांगतलं, जत्रेत मायनं करून दिलं, हा दागिना कोणी काढून घेत नाही म्हणाली. आधी तिले गोंदलं, मग मले, मग मागच्या बायांले. "एक ही सुई?" "एकच." तिनं ते फाइलीत लिहून घेतलं. म्हणे सुईनं आलं का जन्मापासून, आता समजणार नाही. पाह्य माय, थाळी आपण वेगळी केली अन् सुई एक ठेवली.

नात बाळंत झाली, पोट्टी झाली. जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं द्यायची होती, उशीर चालत नव्हता. नातीची सासू आडवी आली, "अभी तो नाल कटी है, सुई काहे की?" मी म्हटलं, "समधनजी, पाच पिढ्यांत पहिल्यांदा कोणी वेळेवर सुई घेऊन उभं आहे. तुम्ही बाहेर जाऊन चहा प्या." गेली. पोट्टीनं दवाखाना डोक्यावर घेतला, अन् मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. बाकीचे डोस मी कॅलेंडरवर खुणा करून सांभाळले. मागच्या आठवड्यात तिचं रक्त तपासलं. काही नाही, माय. साफ. लेकीले रोजची एक गोळी आहे, नातीची अन् माह्यी सहा महिन्यांनी तपासणी. माह्यं लिव्हर अजून मले भिऊन आहे.

आत्ता ती पोट्टी माह्याच थाळीत दोन्ही हात घालून वरण-भात खाऊन राहिली आहे. अर्धा माह्या लुगड्यावर.

हा कागद रिपोर्टच्या फाइलीत जाईल. इथं मराठी वाचणारं कोणी नाही, म्हणून एक लिहून टाकते. आत्याले मी जन्मभर शिव्या घातल्या. पण एका दुपारी तू चटईवर निजली होतीस, तोंड थोडं उघडं, अन् मी वाकून तुह्या तोंडाचा वास घेतला होता. कायचाच वास नव्हता. तू डोळे उघडले. काहून म्हणून विचारलं नाहीस. तुले वाटलं मी कुशीत याले आली. तू सरकून जागा करून दिलीस, अन् मी निजली.