भिंतीवर बसलेलं पोट

लातूर, शुक्रवार संध्याकाळ

ते पोट काही डोळ्यांपुढून हटत नाही. आज कॉलेजात मी जुन्या विदेशी व्यंगचित्रांचं प्रदर्शन मांडलं. एका चित्रात आयात शुल्काच्या उंच भिंतीवर पोट सुटलेला कारखानदार बसलाय, खाली महागाईनं वाळलेली गिऱ्हाइकं. उद्घाटनाला तेल मिलचे मालक, खर्चही त्यांचाच. प्राचार्य कानात म्हणाले, "तेवढं एक काढा." मी मुद्दाम ठेवलं. केवढा शूर मी!

शाल-नारळ झाल्यावर मालक नेमके त्याच चित्रापुढं थांबले. मला वाटलं, आता भडकणार. तर ते खदाखदा हसले, "लई भारी हाय, सर! बाहेरचं तेल अडवायला भिंत अशीच पायजे. फ्रेम करून आमच्या ऑफिसला पाठवा."

चित्रकारानं ते पोट केवढ्या रागानं काढलं असेल. आणि मी? "पाठवतो की, साहेब," म्हणालो. वर हसलोसुद्धा.