पेटीवरची टिकली

मंगळवार, संध्याकाळ. लालबाग.

मंगेशने आज कॉम्प्युटरवरच्या सिंथला, म्हणजे सूर वाजवणाऱ्या प्रोग्रामला, माझ्या बाजाच्या पेटीचं रूप चढवलं. त्याला स्किन म्हणतात म्हणे. फोटो काढून झाल्यावर खरी पेटी त्याने भंगारवाल्याला दिली. मला विचारलंही नाही.

"बाबा, जागा सुटली आणि पेटीपण राहिली. बघा, सेम टू सेम!"

सेम कुठली? पट्टीवरची लाल टिकली नव्हती. भजनाला बसताना माझ्या बायकोचा, शालनचा सूर मला पटकन सापडावा, म्हणून तिनेच ती कपाळावरची काढून चिकटवली होती. ती गेल्यावरही मी तशीच ठेवली.

टिकली कुठे, मी विचारलं. "तो डाग ना? फोटोच्या आधी खरवडून टाकला." मी डोळे पुसले, तर चिडला. "आईची टिकलीच हवी ना? चित्रावर लाल ठिपका काढतो, स्किन परत टाकतो. बोला, कुठली पट्टी?"

मी बोट पुढे केलं. काळी चार की काळी पाच? आयुष्यभर टिकली बघूनच बोट ठेवलं...

सूनबाई हसली. मंगेश म्हणाला, "तुम्हालाच आठवत नाही, मग रडता कशाला?"

तेव्हापासून मनातल्या मनात शालनचा आवाज लावून बघतोय. दर वेळी वेगळ्याच पट्टीवर लागतो.