जिन्याखालच्या पाच खोक्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा रोपवाटिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यात काही नाही, ते बरंच आहे.

१. राहतं घर मुलाला. त्याने ते विकावं किंवा भाड्याने द्यावं, माझी हरकत नाही. मात्र लावणी होईपर्यंत जिन्याखालची खोली आवरायला घेऊ नये. चिरंजीवांनी एकदा तिथले डेलियाचे कंद रताळी समजून शिजत घातले होते. वर मलाच विचारलं, "आई, ही रताळी अशी कडू कशी गं?"

२. कुदळ, दोन खुरपी आणि कंद कापायची सुरी बावीस वर्षं माझ्याकडे राबणाऱ्या माळीणबाईंना. मोठी कात्री शेजारच्या शिंप्याने नेली आहे, ती त्याने आणून द्यावी. तो साक्षीदार असल्याने हे ऐकतोच आहे.

३. जिन्याखाली पाच खोकी आहेत. त्यांत आईच्या लाल डेलियाचे वाटे करून ठेवलेले कंद आहेत. कोरड्या भुशात, एकमेकांना चिकटू न देता. दर पंधरा दिवसांनी बघावं, कुजका दिसला की काढून टाकावा. दया येऊन पाणी घालू नये, त्यानेच ते कुजतात. ही पाचही खोकी माझ्या धाकट्या बहिणीला द्यावीत.

कारण लिहिणं भाग आहे. आई गेली तेव्हा धाकटीने तिचं भिंतीवरचं घड्याळ मला न विचारता नेलं. आठवड्याभराने ती डेलियाचा वाटा मागायला आली. कंदाला देठाजवळ डोळा असतो, कोंब तिथूनच येतो. डोळा नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, उगवत नाही. मी तिला पाच कंद दिले, एकालाही डोळा नव्हता. हे चुकून झालं नाही. मी ते तसे निवडून दिले.

दोन महिने तिचा रोज फोन. "ताई, पाणी कमी पडतंय का गं?" मी म्हणायचे, "धीर धर." शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे, माझ्या हाताला यशच नाही." त्यानंतर तिने दारात एक कुंडीही ठेवली नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मला याची फार लाज वाटते.

या खोक्यांतल्या प्रत्येक कंदाचा डोळा मी भिंग लावून तपासला आहे. घड्याळ तिच्याकडेच राहू द्यावं.

४. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर शिंपी म्हणाला, "सगळं ठीक आहे हो, पण लावणीपर्यंत तुम्ही गेलाच नाहीत तर? कंद काय तुमच्यासाठी थांबणार आहेत?" मी त्याच्यावर खेकसले. पण मुद्दा बिनतोड आहे, आणि इतक्यात जायचा माझा विचार नाही.

सबब कलम ३ रद्द. खोकी आजच हातगाडीवर घालून मी स्वतः घेऊन जात आहे. धाकटीने दार लावून घेतलं, तर पायरीवर बसून सगळं बाहेरूनच मोठ्याने सांगेन. गल्लीने ऐकलं तरी चालेल.

सही: रोपवाटिकावाली, धाकटीची ताई

साक्षीदार:
१. शिंपी (कात्री परत केली)
२. दवाखान्यातल्या नर्सबाई (हातगाडी ढकलायला सोबत येत आहेत)

ठिकाण: जिन्याखालची खोली, आता रिकामी
दिनांक: लावणीला सहा आठवडे बाकी