कोंबडा आरवल्यानंतर

लिंबायत, सुरत
५ एप्रिल १९९५

प्रिय निंबा,

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पद्धतीप्रमाणे पत्राच्या डोक्यावर प्रभूच्या नावाने सलाम लिहायला हवा. तीन वेळा लिहिला, तीन वेळा कागद फाडला. आता धीर उरला तर शेवटी लिहीन.

परवा गोडादऱ्याच्या बाजारात सुमनवहिनी दिसल्या. बहिणीकडे आल्या होत्या. मला बघून त्या घाईघाईने एका टोपलीपाशी वळल्या आणि लिंबं निवडायला लागल्या. एक लिंबू त्यांनी चार वेळा उचलून चार वेळा ठेवलं, तरी मी हललो नाही. शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाल्या, बारडोलीच्या साखर कारखान्यात तुला बरं काम मिळालंय. मग आवाज खाली करून म्हणाल्या, “भाऊ, हे आता जेवायला बसताना हातसुद्धा जोडत नाहीत. मी म्हटलं तर म्हणतात, मी पळालो, आता कोणत्या तोंडाने प्रभूशी बोलू?” मी काहीतरी चटकदार बोलेन म्हणून त्या थांबल्या असाव्यात. मी तेच लिंबू त्यांच्या पिशवीत टाकलं आणि घरी आलो.

मागाच्या कारखान्यात तुझ्या लूमवर आता छगन आहे. अकरा वर्षं आपण शेजारशेजारच्या लूमवर उभे राहिलो. त्या खडखडाटात आवाज कुठला पोचणार, म्हणून ओठ वाचून बोलायचो. शेठची नक्कल, पाळकसाहेबांचं न संपणारं प्रवचन, तुझ्या पोरीचा ताप, सगळं ओठांवरून. छगनच्या तोंडात कायम गुटखा, त्यामुळे वाचायला काही नाही. दिवसभर मी माझ्याशीच बोलतो, आणि हा माणूस फार वाईट सोबती आहे.

जानेवारीच्या वार्षिक सभेत मंडळीने माझा सत्कार केला. तू नव्हतास. शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ. काचेवर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘प्लेगच्या संकटात कळपाजवळ राहिलेले बंधू सुकलाल यांस.’ घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे पळतं. या घरात निदान तेवढं तरी उघडपणे पळतं.

सप्टेंबरातली ती गुरुवारची प्रार्थना तुला विसरता येत नसेल. बाहेर अफवांना ऊत आला होता, कोणी म्हणे पाण्यातच विष आहे, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. तू मंडळीचा वडील, तिचा कारभार सांभाळणारा. उभा राहून म्हणालास, “सगळे गेले तरी मी मंडळी सोडून जाणार नाही.” शेजारच्या शोभाबाईचा पंथ वेगळा, पण दारातून ऐकून तिनेही पदर डोळ्यांना लावला. आणि शुक्रवारी दुपारी तू बायको, दोन पोरी आणि गुलाब काढलेली हिरवी ट्रंक घेऊन उधना स्टेशनवर होतास. मंडळीतली निम्मी माणसं तिथेच होती, पण त्यांनी आदल्या दिवशी भाषण केलं नव्हतं.

मग नाताळ आला. नाटुकलं दरवर्षी मीच लिहितो. तू तोवर गावाहून, नंदुरबारहून परतला होतास, मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसायचास. कोंबडा आरवण्याआधी प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं नाताळात काय काम, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, पेत्राला बारा महिने काम असतं. मंडळीतल्या भाईदासला पेत्र केलं. तोंडाला रुमाल, डोक्यावर हिरवी ट्रंक, तिच्यावर खडूने काढलेला गुलाब. तो तीनदा म्हणाला, “मी याला ओळखत नाही, मला गाडी पकडायचीय,” आणि पडद्यामागून मी आरवलो. निंबा, मी फार छान आरवलो. लोक पोट धरून हसले. तू उठलास, पोरींचा हात धरलास आणि बाहेर पडलास. महिन्याभरात बारडोलीला गेलास.

आता जे मंडळीला ठाऊक नाही आणि तुला ठाऊक आहे, ते लिहितो. मला ते एकदा माझ्या अक्षरात बघायचंय.

त्या शुक्रवारी मीही उधन्याला होतो, तोंडावर रुमाल, म्हणून तुझ्याशिवाय मंडळीतल्या कोणी ओळखलं नाही. माझ्याकडे निळी ट्रंक होती. दोन गाड्यांना लटकून पाहिलं, दोन्ही वेळा लोकांनी ढकलून दिलं. तिसऱ्या गाडीत चढण्यासाठी मी एका म्हातारीच्या पाठीला कोपर लावलं. ती खाली बसली. मी वळून पाहिलं नाही. दारात तू उभा होतास. एका हाताने पोरीला धरलेलं, दुसरा हात माझ्याकडे लांबवलेला. गोंगाटात ऐकू काहीच येईना, पण तुझा रुमाल गळ्यात उतरला होता आणि तुझे ओठ मला वाचता येतात. “ये ना भो, हात दे.” तुझी बोटं माझ्या बोटांना लागली आणि गाडी हलली. मी फलाटावर राहिलो. कळपाजवळ राहिलो तो असा.

घरी आलो कारण दुसरीकडे कुठे जाणार! शेजारी शोभाबाई एकटी तापाने फणफणली होती, तिची माणसं गावी पळालेली. मी तिची सेवा केली असं मंडळी सांगते. मी भाताचं ताट आणि प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या उंबऱ्यावर ठेवायचो आणि झाडूच्या दांड्याने आत ढकलायचो. ताप मलेरियाचा निघाला. बरी झाल्यावर ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली, “सुकलालच्या रूपाने देव आला.” देवाने झाडू कधीपासून धरला, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तेव्हापासून विचारलेलं नाही. शाल आली, घड्याळ आलं, सगळं निमूट घेतलं.

आणि तू तर सगळं जाणून होतास. त्या नाताळात मागून उठून एक वाक्य बोलला असतास, तर मंडळीने मला आरवता आरवता धरलं असतं. त्याच भीतीने मी पडद्याच्या फटीतून तुझ्या ओठांकडे बघत होतो. ओठ हलले. तुझ्या आईच्या बोलीत तू स्वतःशीच म्हणालास, “खरं शे.” खरं आहे, बस्स. माझं नाव नाही, शिवी नाही. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. प्रार्थनेला बसलो की तेच ओठ दिसतात.

निंबा, मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. हशा कोंबड्यापाशी मिळतो म्हणून मी तिथे पडदा पाडला. प्रभूने तिथे पाडला नव्हता. मरणातून उठल्यावर तो तळ्याकाठी गेला, स्वतःच्या हाताने निखारे पेटवले, मासे भाजले आणि त्या पळपुट्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. ट्रंकेबद्दल चौकशी नाही, कोंबड्याचं नाव नाही. पेत्राला तीनदा एवढंच विचारलं की तुझं माझ्यावर प्रेम आहे का? ज्याने तीनदा नाकारलं, त्याच्याच हाती मेंढरं दिली. वीस वर्षं मी हे ऐकतोय. ते मला लागू आहे हे आता कळतंय, आणि पटायला अजूनही जड जातंय. पण मला लागू असेल तर तुला कसं नसेल? मी मुरलेला खोटारडा, तू फक्त घाबरलेला बाप. तुझ्यावरची त्याची माया एका गाडीने संपली असं मानतोस, म्हणजे तिला माझ्याइतकीच कोती समजतोस.

येत्या सोळाला ईस्टर. पहाटेची उपासना तापीच्या काठावर आहे आणि नाटुकल्याचा दुसरा भाग मी लिहिलाय. पेत्र मीच होणार आहे. निळी ट्रंक माझ्या डोक्यावर असेल, आणि म्हातारीपासून घड्याळापर्यंत सगळं मी सर्वांसमोर सांगणार आहे. शाल काढून घेतील, घेऊ देत. हे पत्र मात्र त्यासाठी नाही. मला तिथे एकट्याने उभं राहवणार नाही, म्हणून लिहिलंय. वहिनींना आणि पोरींना घेऊन ये. कोंबड्याला तू “खरं शे” म्हणालास. आता उरलेली गोष्ट ऐक आणि जमलं तर तिलाही तेच म्हण. मी अजून त्या फलाटावरच आहे रे. पुन्हा एकदा हात दे.

प्रभूच्या नावाने सलाम. लिहिला एकदाचा.

तुझाच,
सुकलाल