एकसष्ट वर्षांतली अकरा खोटी वर्षे

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बंधारे व जलनोंद विभाग.

विषय : टेकडीवरील पर्जन्यमापन केंद्राच्या अकरा वर्षांच्या नोंदी रद्द करून सलग नोंद एकसष्टऐवजी वीसच वर्षांची धरणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा दि. ४ जूनचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "एवढी सलग नोंद विभागात दुसरी नाही. केंद्राचे अभिनंदन."

महोदय,

१. सदर अभिनंदन स्वीकारता येत नाही, क्षमस्व. माझ्या आधी माझे सासरे या केंद्राचे निरीक्षक होते. त्यांच्या एक्केचाळीस वर्षांपैकी शेवटची अकरा वर्षे त्यांनी पाऊस मोजलाच नाही. गुडघे गेल्याने टेकडी चढवेना, म्हणून घरी बसून ते सरासरीच्या आसपासचे आकडे भरीत. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनीच मला सांगितले, "सूनबाई, त्या वह्यांत पाऊस नाही, माझी अब्रू आहे. सांभाळ." मी ती वीस वर्षे सांभाळली, हा माझा अपराध.

२. त्याच अकरा वर्षांत एकदा ओढ्याने पंपघर उचलून नेले. पंपवाला सापडला नाही. त्या तारखेला वहीत पाऊस नऊ मिलिमीटर आहे.

३. नव्या बंधाऱ्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडण्याची वाट, याच नोंदींवरून अरुंद ठेवला आहे. "एकसष्ट वर्षांत याहून मोठा पाऊस झालेला नाही," असे आपला आराखडा म्हणतो. महोदय, झाला, मोजला गेला नाही. सांडव्याखाली एकशे बारा घरे आहेत.

४. सलग नोंद तीस वर्षांच्या आत आली की केंद्र बंद होते व माझी जागाही जाते. आपले मोठे लिपिक म्हणाले, "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" माझे यजमान तर, "मेलेल्या बापाला खोटारडा ठरवलंस," एवढेच बोलले, जूनपासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे.

५. आज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील बाटली भरून बाहेर वाहत होती. किती पडला, सांगता येत नाही. वहीत "मोजता आला नाही" असे लिहिले आहे. बंधाऱ्याचे पाणी सांडव्याच्या काठाला लागले आहे आणि पाऊस थांबलेला नाही.

तरी वस्ती तातडीने हलविण्याचा हुकूम व्हावा. त्याची वाट न पाहता मी खाली दारे ठोठावायला निघाले आहे. परवानगी मागाहून द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
निरीक्षक, टेकडीवरील पर्जन्यमापन केंद्र
दि. १७ ऑगस्ट, सकाळी ९ वाजून १० मिनिटे

सोबत : नोंदवह्या अकरा, केंद्राची किल्ली एक.