गोलातली दुसरी जागा

३ नोव्हेंबर
पहिला दिवस झकास गेला! घाटकोपरहून मेट्रो, मरोळला उतरून चालत कारखाना. इथे खोल समुद्रात जाणाऱ्या छोट्या पाणबुडीची केबिन तपासतात. केबिन म्हणजे जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा गोल. आत दोघांपुरता बाक. हा गोल पोलादी टाकीत बुडवायचा, पंपाने पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि कुठे तडा जातो का ते कॅमेऱ्यातून बघत राहायचं. बघायचं काम माझं. पंप दर्शना चालवते. तासाभरातच अगं-तुगं झालं. माझी कारल्याची भाजी तिने मागून खाल्ली, म्हणजे माणूस चांगलं.

७ नोव्हेंबर
दाब चढवायचा, धरून ठेवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. दिवसभर हेच. डोळे चुरचुरतात. घरी आल्यावर आईशी बोलायचंही त्राण उरत नाही.
आज गोलाला आतून वाफ धरलेली दिसली, आरशावर कुणी श्वास सोडावा तशी. आत तर कुणीच नसतं. दर्शना म्हणाली, ओल राहिली असेल.

१२ नोव्हेंबर
आत माणूस बसलाय. गुडघ्यांत डोकं घालून, जन्मभर राबल्यासारखा. फक्त कॅमेऱ्यात दिसतो. टाकी उघडली की गोल रिकामा. आमचे साहेब मुकुल सर, त्यांना बोलावून दाखवला. म्हणाले, प्लॅस्टिकमध्ये प्रतिबिंबं पडतात, नीट झोपत जा. ते गेल्यावर दर्शना हळूच म्हणाली, "मलाही दिसतो गं. बघायचं नाही."
पण बघणं हेच माझं काम.

१७ नोव्हेंबर
गोल पास. एकही तडा नाही. शुक्रवारी मिहिर आत बसणार, झाकण लावून, हवा पुरते का ते बघायला. पाणबुडी तोच चालवणार आहे. घरी तान्ही मुलगी.
आज दुपारी तो माणूस सरकला. मान वर न करता, बाकाच्या कडेला. शेजारी जागा केली.

१९ नोव्हेंबर
मिहिरला सांगितलं. हसला नाही. पण म्हणाला, कुणीतरी बसायलाच हवं ना. मी बसते म्हटलं. त्याची मुलगी डोळ्यांपुढे आली — आणि मला नुसतं कुठेतरी बसायचं होतं. फार दमलेय.

२१ नोव्हेंबर, गोलात
सकाळ. वेळ जावा म्हणून वही आणलीय. झाकण बाहेरून बंद. मिहिर, दर्शना स्क्रीनपाशी. शांत.

स्पीकरवर दर्शना — "गार्गी, डावीकडे बघू नकोस."

नाही बघत. पण डावा खांदा गार पडलाय. वजन. त्याने डोकं टेकवलंय —

ती ओरडतेय, ऊठ, झाकणापाशी ये. उठवतच नाही. भीती वाटतेय, पण इतकं बरंही कधी —

वाफ. बाहेरचं दिसत नाही.

तो उठला. म्हणाला, आता तू बस.

झाकण उघडलं. तो बाहेर. दर्शना त्याला मिठी मारतेय — त्यालाच गार्गी म्हणतेय — दर्शना, ती मी नाही गं, मी इथे बाकावर, मी अजून